ठसे उगवेपर्यंत

"काकू, दाबा जरा. अजून. काच फुटत नाही."

मावशींनी दाबलं. पडद्यावर आधी त्यांच्या नवऱ्याचे ठसे आले होते, नांगरलेल्या शेतासारखे स्पष्ट. मावशींच्या बोटांच्या जागी नुसता करडा ढग उमटला. मशीननं लाल दिवा लावून नापसंती कळवली.

"हाताला काही लावलंय का?" ऑपरेटर मुलीनं विचारलं.

"लावलं काही नाही. उलट काल भांड्याच्या पावडरनं घासघासून धुतलेत. म्हटलं, सरकारी काच आहे, आपला डाग नको."

मुलीनं कपाळाला हात लावला नाही, कारण तिचे दोन्ही हात कीबोर्डवर होते. "काम काय करता?"

"अननस सोलते. डबाबंद फळांच्या कारखान्यात. लग्न झाल्यापासून."

अननसाचा रस माणसाची कातडी हळूहळू खातो. कारखान्यात हातमोजे मिळत, पण ते पुरुषांच्या मापाचे. त्यांतून सुरी निसटली की बोटच कापलं जाई. बोट की बोटावरच्या रेषा, असा प्रश्न आल्यावर बायकांनी बोट निवडलं होतं.

नवरा चौकात बसून किल्ल्या बनवायचा. गावातलं कुठलंही कुलूप त्याला वाकड्या तारेनं उघडता येई. त्याचे दहाच्या दहा ठसे पहिल्या फटक्यात पास झाले. मावशींनी जन्मात कुणाची कडी वाजवल्याशिवाय उंबरा ओलांडला नव्हता, आणि पार्श्वभूमी तपासणी अडली ती त्यांच्यापाशी.

ही सगळी यातायात भाचीसाठी होती. धाकटी बहीण गेली, तिचा नवरा त्याआधीच गेलेला. पाच वर्षांची पोर बालगृहात होती. बालगृहाचं म्हणणं सरळ होतं: मुलगी ज्या घरात जाणार, तिथल्या मोठ्या माणसांवर गुन्हा नाही हे ठशांवरून सिद्ध करा. पोरीच्या ताब्याच्या सुनावणीला दोन महिने होते. तोवर झालं नाही, तर पोरीला लांबच्या मोठ्या संस्थेत धाडणार.

"परत लावा," मुलगी म्हणाली. "दुसऱ्यांदा घेतं कधीकधी."

"आणि नाही घेतलं तर?"

"दोनदा नापास झालं की केस विशेष चौकशीला जाते."

"तिथून परत कधी येते?"

"जाताना पाहिल्यात मी," मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली. "येताना नाही."

नवऱ्यानं कोपरानं ढोसलं. "अगं, लाव ना. आलोच आहोत तर होऊन जाऊ दे. मशीनचा निकाल दोन दिवसांत येतो म्हणे."

मावशींनी हात पाठीमागे नेले, शाळेतल्या मुलीसारखे. "दुसरा प्रकार असतो ना काहीतरी?"

"शाईचा. कार्डावर बोटं फिरवून घेतात. टपालानं मुख्य कचेरीत जातं, तिथं माणूस भिंग लावून बघतो. तीन आठवडे जातात. हल्ली कोणी घेत नाही."

"माणूस बघतो ना? मग शाईच."

"पण काकू, शाईलाही रेषा लागतात. त्या आणणार कुठून?"

मागच्या टेबलावर शाईवाले काका बसले होते. मशीन आल्यापासून त्यांना वर्तमानपत्र पूर्ण वाचून होत असे. त्यांनी मावशींचं बोट उजेडाकडे तिरकं धरलं.

"गेल्या नाहीत, झिजल्यात," ते म्हणाले. "महिनाभर रस नको, पावडर नको. तेल लावा आणि गप्प बसा. मग या माझ्याकडे. मशीनला आता हात लावू नका."

कारखान्यात सुपरवायझरनं रजेचं कारण विचारलं.

"बोटं उगवायचीत," मावशी म्हणाल्या.

"मावशी, ऐन सीझन आहे. जागा राखून ठेवता येणार नाही."

"नका ठेवू."

सुपरवायझरनं आणखी समजावायची तयारी केली होती. ती वाया गेली.

मग घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. मावशी हातांना तेल लावून खुर्चीत बसून राहत आणि नवरा भांडी घाशी. "बोटांची बाळंतीण बसलीये आमच्याकडे," असं तो शेजाऱ्यांना सांगे. रोज सकाळी किल्ल्यांचं भिंग लावून तो बघे. "अंगठ्यावर एक पाऊलवाट दिसायला लागली हं." करपलेलं पातेलं तो तळ सोडून चकचकीत करी. ते बघून मावशींच्या जिवाची तगमग होई. पण त्या उठल्या नाहीत.

रविवारी बालगृहात भेट असे; दोघंही जात. एका रविवारी भाचीनं आपल्या वाटणीचं संत्रं जपून ठेवलं होतं. तिनं ते मावशींच्या मांडीवर ठेवलं.

"मावशी, सोल."

उभा जन्म सोलण्यात गेलेली बाई त्या संत्र्याकडे बघत राहिली.

"काकांकडे दे, राणी. ते सोलतील."

"नको. तूच सोल."

"मला नाही सोलता येत गं आत्ता."

पोरीनं संत्रं उचललं, कोपऱ्यात जाऊन दातांनी सोललं आणि एकटीनं खाल्लं. निघताना ती टाटा करायलाही आली नाही. परतीच्या बसमध्ये नवरा म्हणाला, "एक संत्रं सोललं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"तुम्ही रेषा बघा," मावशी म्हणाल्या आणि हात पुढे केला.

महिना भरल्यावर शाईवाल्या काकांनी एकेक बोट काळं करून कार्डावर फिरवलं. डावी करंगळी फिकी आली. काकांनी ती पुसली, फुंकर मारून कोरडी केली, पुन्हा फिरवली आणि कार्डाला भिंग लावलं. मग त्यांनी सही केली.

सुनावणीच्या चार दिवस आधी उत्तर आलं. मावशींच्या विरोधात काहीही आढळलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या चारित्र्याची सरकारनं घेतलेली ही पहिलीच दखल.

भाची घरी आली त्या संध्याकाळी मावशींनी तिच्या अंघोळीचं पाणी काढलं. सवयीनं बोटं बादलीत घातली आणि झटक्यात बाहेर ओढली.

"आई गं!"

"काय झालं?" पोरीनं विचारलं.

मावशी लाल झालेल्या बोटांकडे बघत होत्या. याच हातांनी त्या चुलीवरची पातेली फडक्याशिवाय उतरवायच्या.

"पोळलं," त्या म्हणाल्या. "थांब हं, इतक्यात येऊ नकोस."

त्यांनी गार पाण्याचा एक तांब्या ओतला, बोटं बुडवली, अजून एक ओतला, पुन्हा बुडवली. पोर दारात कुडकुडत उभी होती. मावशी घाई करत नव्हत्या.