हरलेले उभे

मैदान खानवेल रस्त्यावर आहे, सिल्वासाच्या बरंच बाहेर, आणि संध्याकाळी तिकडे जाऊन परत येणारी बस एकच. त्यामुळे आमच्या कंपनीची माणसं आणि समोरच्या कंपनीची माणसं मॅच बघायला एकत्रच जातात. आम्ही पॉलिएस्टरचा धागा काढतो, ते प्लास्टिकच्या बादल्या आणि टब. म्हणून आम्ही धागेवाले, ते बादलीवाले. कंपन्यांची फुटबॉल लीग हिवाळ्यात असते. पहिली शिफ्ट सुटली की लोक घरी जाऊन तोंड धुतात, आमचे पिवळे टीशर्ट घालतात, त्यांचे निळे, आणि सिल्वासातल्या आमलीच्या स्टॉपवर गर्दी होते.

जाताना कोणी कुठेही बसतं. शेंगदाण्याच्या पुड्या पुढून मागे फिरतात.

"आज बादलीला भोक पाडायचं," आमच्या मशीनवरचा संजू म्हणतो.

"आधी धागा तुटायचा थांबव, मग भोक पाड," मागून कोणीतरी निळ्यातलं म्हणतं आणि दोन्हीकडचे हसतात.

येताना मात्र नियम आहे. हरलेले उभे. बस अर्धी रिकामी असली तरी हरलेल्या कंपनीची माणसं दांडा धरून उभी राहतात आणि जिंकलेले बसतात. उरलेल्या सीटवर ते बॅगा ठेवतात, म्हणजे कोणी चुकून टेकायला नको. हे पहिल्यांदा कोणी सुरू केलं ते कोणालाच सांगता येत नाही. सुरुवातीला म्हातारी माणसं, कडेवर मूल असलेल्या बायका न विचारता बसायच्या आणि कोणी काही बोलायचं नाही. ते बंद केलं वरुण सरांनी.

वरुण सर बादलीवाल्यांचे प्रॉडक्शन मॅनेजर. मूळचे पुण्याचे. त्यांच्याकडे गाडी आहे, पण मॅचला ते कामगारांबरोबर बसने येतात आणि हे सगळ्यांना ठाऊक असावं असं त्यांना वाटतं. "एकाला सूट दिली की नियम संपला," असं ते म्हणायचे. हसून म्हणायचे, त्यामुळे वाद घालणारा खडूस ठरायचा.

मला फुटबॉलचं काही वेड नव्हतं. मी नाशिकहून इथे आले ती कंपनीच्या लॅबमध्ये. धाग्याची ताकद, जाडी, रंग किती चढतो ते तपासायचं आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीवर जाऊन जेवायचं. मंजुळाबाई मशीनवर तुटलेला धागा जोडायच्या आणि लॅबमध्ये नमुने घेऊन यायच्या. शहाद्याकडच्या. त्यांचा मुलगा विकी आमच्या टीमचा गोलकीपर. एकदा नमुन्यांचा ट्रे टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, खोलीवर भिंती मोजता का? चला मॅचले." मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात पिवळा टीशर्ट घेऊन उभ्या होत्या. तेव्हापासून मी एकही मॅच चुकवली नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही बादलीवाल्यांकडून हरलो. मंजुळाबाईंचा गुडघा त्या आठवड्यात सुजला होता. बसमध्ये चढताना त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरून पाय वर घेतला, हे सगळ्यांनी पाहिलं. दाराजवळच्या सीटवर वरुण सर होते आणि शेजारच्या सीटवर त्यांची बॅग.

"सर, तेवढी बॅग उचला ना," मंजुळाबाई म्हणाल्या. "मना गुडघा काही धड नाही आज."

"मावशी, नियम सगळ्यांना सारखा," वरुण सर म्हणाले. "उद्या तुम्ही जिंकलात की मी पण उभा राहीन. बघाच तुम्ही."

निळे टीशर्टवाले हसले. मंजुळाबाईही थोड्या हसल्या. त्यांना वाटलं, थट्टा करून झाली की उचलतील. बॅग उचलली गेली नाही. मी म्हटलं, "सर, त्यांना खरंच त्रास होतोय." ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या. अपवाद आला की सिद्धांत मोडतो ना?" परत हशा झाला.

जंगलातल्या वळणावर रस्त्यात गुरं आली आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला. बस थांबते, आत उभा असलेला माणूस थांबत नाही. त्याला दांड्याने किंवा पायाने थांबवावं लागतं. मंजुळाबाईंचा पाय त्यांना थांबवू शकला नाही. त्या पुढे फेकल्या गेल्या आणि उजव्या हातावर पडल्या. मनगटाचा आवाज मला ऐकू आला.

वरुण सरांनी तेव्हा बॅग उचलून मांडीवर घेतली. आणि म्हणाले, "पकडून उभं राहायचं ना, मावशी."

मनगट वाकडं जुळलं. धाग्याची टोकं जोडायला बोटं वळली पाहिजेत, ती वळेनात. मंजुळाबाईंना झाडूकामाला लावलं. लॅबमध्ये नमुने आता दुसरी बाई आणते. मंजुळाबाई डाव्या हाताने झाडू मारतात आणि काचेतून मी दिसले की मान हलवतात.

वरुण सरांनी नंतर कोणाबरोबर तरी फळं पाठवली. लोक म्हणाले, माणूस वाईट नाही. माझ्याशीही ते दोनदा बोलायला आले, "वाईट झालं हो." मला माफी नको होती. माफी माणूस बसल्या बसल्या मागू शकतो. मला तो उभा हवा होता, मंजुळाबाईंच्या समोर, दांडा धरून, सगळ्या वाटभर. मी हे कोणाला सांगितलं नाही. खोलीवर स्वयंपाक करताना मी ते डोळ्यांसमोर आणायची आणि मला भूक लागायची.

या हिवाळ्यात पहिल्या वेळी बादलीवाल्यांशी बरोबरी झाली. बरोबरी झाली की सगळे बसतात. मी बसून आले, आणि वरुण सरही. आता एकच मॅच उरली होती.

त्या दिवशी वरुण सर त्यांच्या स्टॉपवर चढले तेव्हा बरोबर एक म्हातारे गृहस्थ होते. पांढरा शर्ट, डोक्यावर मुलाने चढवलेली निळी टोपी. "आमचे आबा," वरुण सरांनी ओळख करून दिली. "पुण्याहून आलेत. म्हटलं, आमचा संध्याकाळचा कार्यक्रम दाखवू." ते वडिलांना 'अहो आबा' म्हणत होते. चढताना त्यांच्या कोपराला हात लावत होते, पण आबांना कळणार नाही इतका हलका. मी हे बारकाईने पाहिलं. ज्याच्यावर आपण डोळा ठेवून आहोत त्याला कुठे दुखतं, हे आपण शोधतच असतो.

आबा जाताना मंजुळाबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी विकीची चौकशी केली, गोलकीपरची उंची किती लागते ते विचारलं, शहाद्याला मिरची कशी पिकते ते विचारलं. मंजुळाबाई मनापासून बोलत होत्या. उतरताना म्हणाल्या, "बाबा, मना पोऱ्या आज तुमच्या पोऱ्याले रडवणार बरं का."

"रडवू दे," आबा म्हणाले. "लहानपणी पुरेसा रडला नाही तो."

आम्ही एक-शून्यने जिंकलो. गोल कोणी मारला ते मला नंतर विचारावं लागलं. शेवटी विकीने एक पेनल्टी अडवली, मंजुळाबाई डावा हात वर करून नाचल्या, आणि मी पलीकडच्या गर्दीत निळ्या टोपीशेजारचं डोकं शोधत होते. ते खाली गेलेलं होतं. मी लगेच बसकडे निघाले.

मंजुळाबाईंना दाराजवळच्या सीटवर खिडकीपाशी बसवलं आणि मी त्यांच्या शेजारी बसले. पिवळे टीशर्ट आत आले, बसले, बॅगा ठेवल्या. मग निळे आले आणि दांडे धरत गेले. "धागा तुटला नाही रे आज," संजू प्रत्येकाला म्हणत होता.

शेवटी वरुण सर आबांना घेऊन चढले. आबांचा श्वास वाढला होता. वरुण सरांनी बस पाहिली. बऱ्याच सीट रिकाम्या होत्या, बॅगांनी भरलेल्या.

"संजू, आबांना बसू दे रे."

"सर, एकाला सूट दिली की नियम संपला," संजू म्हणाला. बस हसली. यावेळी पिवळे हसले.

"मस्करी नको. त्यांचं वय बघ."

"टोपी निळी आहे ना पण."

कंडक्टर म्हणाला, "चालो भाई, जे करायचं ते लवकर करा." वरुण सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्ही समजूतदार आहात."

मी नाही म्हटलं असतं, तर म्हातारा माणूस उभा राहिला असता आणि मुलाने ते पाहिलं असतं. ते पुरेसं होतं का, हे मी क्षणभर तपासून पाहिलं. नव्हतं. वरुण सर वाटभर आम्हाला दुष्ट ठरवू शकले असते, आणि आबांनी त्यांना साथ दिली असती.

मी उठले. "नियम कंपनीच्या माणसांना आहे," मी म्हटलं. "आबा कुठे बादल्या बनवतात? या आबा, इथे बसा." पलीकडच्या सीटवरची संजूची बॅग मी त्याच्या हातात दिली आणि तिथे बसले. आबा मंजुळाबाईंच्या शेजारी बसले. वरुण सर त्यांच्या पुढ्यात उभे राहिले, दांडा धरून.

"थँक्यू, मॅडम," ते म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले.

बस निघाली. आबांना बरं वाटू लागलं तसं त्यांनी मान वळवून सगळीकडे पाहिलं. "काय गं मुली, ही काय पद्धत? जागा आहे तरी लोक उभे?"

"गंमत आहे, आबा. हरलेले उभे राहतात."

"आणि कोणी आजारी असलं, म्हातारं असलं तर?"

वरुण सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅबचा अहवाल वाचावा तशा आवाजात सांगितलं. गेल्या वर्षी आम्ही हरलो होतो. मंजुळाबाईंचा गुडघा सुजलेला होता. रिकाम्या सीटवर एका माणसाची बॅग होती. त्यांनी ती उचलायला सांगितली, तो नाही म्हणाला. ब्रेक लागला, त्या पडल्या, मनगट मोडलं, हातातलं काम गेलं. त्या खाली पडलेल्या असताना तो म्हणाला, पकडून उभं राहायचं ना. मी एकही विशेषण वापरलं नाही आणि नाव घेतलं नाही.

मंजुळाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. आबांनी त्यांचं मनगट पाहिलं.

"कोण हा नालायक?" आबा म्हणाले. "बॅगेला जागा आणि बाईमाणसाला नाही? त्याला आईबाप होते की नाही?"

"आबा, जाऊ द्या," वरुण सर म्हणाले. "जुनी गोष्ट आहे."

"जुनी कसली? हात बघ त्यांचा. तूही होतास ना बसमध्ये? तू काय करत होतास?"

वरुण सरांनी दुसऱ्या हातानेही दांडा धरला.

"कोण होता सांग ना. तुमच्यातलाच असेल. तू साहेब आहेस ना तिथला? उद्या त्याला बोलावून घे." आबा मग माझ्याकडे वळले. "तू सांग, मुली. नाव काय त्याचं?"

"मला नाव घेणं बरं वाटत नाही," मी म्हटलं. "वरुण सरांना माहीत आहे. ते सांगतील."

मागचा आवाज एव्हाना बंद झाला होता. वरुण सरांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"आबा, घरी गेल्यावर बोलू."

आबा त्यांच्याकडे पाहत राहिले. मुलाचं खोटं पकडायची सवय असलेल्या बापाचं पाहणं होतं ते. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली, खिशात घातली आणि पुढची सीट धरून उठले.

"आबा, बसा. प्लीज. पुढे वळणं आहेत."

आबांनी दांडा धरला.

"बाबा, बसा हो," मंजुळाबाईंनी त्यांची बाही धरली. "तुमचा काय गुन्हा त्यात?"

"तुम्ही बसा, ताई," आबा म्हणाले. "तुम्ही जिंकलेल्या आहात."

बस वळणावर हेलकावली. वरुण सरांनी दोन्हीकडचे दांडे धरून वडिलांभोवती हातांचा कठडा केला. आबा म्हणाले, "हात काढ." हळूच म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना आलं. वरुण सरांनी हात काढले. त्यानंतर प्रत्येक वळणावर त्यांचे हात अर्धे उचलले जात होते आणि परत खाली येत होते. मी पाहत होते. खोलीवर जे डोळ्यांसमोर आणायची त्यात हे नव्हतं. हे जास्त होतं.

त्यांचा स्टॉप आमलीच्या आधी येतो. आबा आधी उतरले आणि मागे न पाहता चालू लागले. वरुण सर थोडं अंतर ठेवून मागोमाग गेले.

बस सुटल्यावर मी परत मंजुळाबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

"म्हातारा चांगला माणूस व्हता," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग त्याले कशाले सांगितलं?"

"चांगला होता म्हणूनच," मी म्हटलं. "वाईट असता तर काही उपयोग नव्हता."

मंजुळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काय आहे ते मला नीट वाचता आलं नाही. मग त्या हसल्या, आधी नाकातून, मग खांदे हलेपर्यंत.

"संज्या," त्या मागे वळून म्हणाल्या, "या बाईशी वैर धरू नको रे बाबा."

"मी नाही धरत, मावशी," संजू म्हणाला. "मी तर म्हणतो, पुढच्या वर्षी हिलाच गोलमध्ये उभी करू."

"उभी कशाला?" मी म्हटलं, आणि पाय लांब केले. आमलीपर्यंत मी बसून गेले.