नाली वाळेपर्यंत

पावसाळ्यात गॅरेजमध्ये घोटाभर पाणी साचतं, म्हणून मी दारापुढचं काँक्रीट कापून आडवी नाली टाकायला काढली. गाडी आधी बाहेर काढा, असं सांडू मिस्त्रीनं दोनदा बजावलं होतं. मी नाही काढली. घर माझं, गाडी माझी. मिस्त्रीनं मला अक्कल शिकवायची नाही.

नालीचं काँक्रीट भरून झालं आणि दुपारी फुलंब्रीहून भाच्याचा, भारतचा, फोन आला.

"मामा, आईचं काय खरं नाय. सारखं तुमचं नाव घेती. येऊन जा."

"नाली टाकली बाबा. गाडी आत अडकली. आठ दिवस हलायची नाय."

"मग एसटीनं या की."

"गुडघे साथ देत नायत."

हेच गुडघे रोज उस्मानपुऱ्यातून भाजी आणतात. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगणच खोदून ठेवलं होतं.

आवडाबाई माझी एकुलती एक बहीण. वडील गेल्यावर गुलमंडीवरून भारीतली साडी घेतली, तिला नेसवली आणि तहसीलात नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. आमच्याकडं बहिणी सही करतातच. साडी-चोळी झाली की वाटणीचा विषय संपतो. पुढं तिचा नवरा वारला, ती लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली, आणि मी आमचं रान विकून हे घर बांधलं. अकरा वर्षं तिच्या दारात गेलो नाही. लाज वाटते, दुसरं काही नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ मी नालीवर पाणी मारत राहिलो. पाचव्या दिवशी सांडू आला. त्यानं जाळी बसवली, वर लोखंडी प्लेट टाकली आणि तिच्यावर दणादण पाय आपटले.

"काका, काढा बिनधास्त गाडी. कायबी व्हत नाय."

तो गेल्यावर मी गाडीत बसलो. चालूही केली. पण तिथं जाऊन पहिला शब्द काय बोलायचा, ते काही सुचेना. तेवढ्यात फोन वाजला. भारतनं त्याचा फोन आवडाबाईच्या कानाला लावला होता.

"दादा," तिला धाप लागत होती, "मी काय मागायला नाय बोलवलं रे. नुसतं तोंड दाव."

"नाली ओली हाय अजून," मी म्हणालो.

"बरं. वाळू दे मग."

मी गाडी बंद केली, खाली उतरलो, प्लेट बाजूला सारली आणि पाईप घेऊन त्या कोरड्या नालीवर पाणी मारायला लागलो.