दाताच्या गाडीचा वाटाड्या

मी एक जुना जीपीएस आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो. आपली जीवनकहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुतेक फार सोशिक असतात. फाटकी छत्री डोळे पुसते, मोडकी खुर्ची उसासे टाकते आणि शेवटी दोघीही माणसांना आशीर्वाद देऊन मोकळ्या होतात. माझ्याच्यानं ते होणार नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर राहू द्या.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. आभाळातल्या उपग्रहांना विचारून आपण कुठं आहोत ते ओळखायचं आणि गाडी चालवणाऱ्याला रस्ता सांगायचा, एवढंच मला शिकवलं होतं. बोलायला एका बाईचा आवाज दिला, तोही हिंदीत. दोन हजार आठ साली मी नाशिकच्या एका दुकानात काचेच्या कपाटात येऊन बसलो. तेव्हा माझ्यासारखे फारसे कुणाकडे नव्हते. लोक यायचे, मला हातात घेऊन खालीवर बघायचे आणि 'यावर पिक्चर दिसतो का' असं विचारायचे. रस्ता दिसतो का, हे कुणी विचारायचं नाही!

मग एक दिवस तृप्ती आली. ती दातांची डॉक्टर. सोबत तिचे वडील धनराज, ज्यांचं सातपूरला वर्कशॉप होतं. लोखंड म्हणजे त्या माणसाच्या हातात मेण. त्यांनी लेकीसाठी जीपच्या मागे जोडायची एक लांबलचक खोली बांधली होती. आत दात काढायची खुर्ची, पाण्याची टाकी, जनरेटर, सगळं. परदेशात लोक असली कॅराव्हॅन घेऊन सहलीला जातात म्हणे. तृप्तीला ती घेऊन पेठ तालुक्याच्या बाजूच्या पाड्यांवर जायचं होतं. लोक तिला पहिल्यापासून 'दाताची गाडी'च म्हणायला लागले.

धनराजांना माझ्या शेजारचा मोठ्या पडद्याचा हवा होता. त्यावर गाणी वाजायची. तृप्तीनं दुकानदाराला एकच विचारलं, "मागे गाडी जोडलीय हे याला सांगता येतं का?"

दुकानदार म्हणाला, "मॅडम, गाणी एकदम क्लिअर वाजतात."

तृप्तीनं कपाळाला हात लावला आणि एकेक यंत्र स्वतः चालू करून बघितलं. माझ्यात वाहनाची लांबी, रुंदी, उंची, वजन भरायची सोय होती. अरुंद रस्ता आणि अवघड वळण मी जड वाहनाला दाखवायचोच नाही. तिनं मला घेतलं. घरी जाऊन टेप लावून जीप आणि मागची खोली दोन्ही मोजली आणि सगळं माझ्यात भरलं. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला मानाचा दिवस. शहाण्या माणसानं आपल्याला पारखून घ्यावं, याहून यंत्राला आणखी काय पाहिजे?

आता झुंबरबाईंबद्दल सांगतो. दातांच्या पहिल्या शिबिराची जागा बघायला तृप्ती आधी बसनं त्या पाड्यावर जाऊन आली होती. तिथं तिला झुंबरबाई भेटल्या. त्यांचा गाल सुजून पेरूएवढा झालेला, दाढेत पू. तृप्तीनं गोळ्या दिल्या आणि बजावलं, "गोळ्यांनी सूज उतरेल, पण दाढ काढलीच पाहिजे. बुधवारी मी खुर्ची घेऊन येते."

झुंबरबाई म्हणाल्या, "बुधवारीच दुपारी आमची टोळी द्राक्षाच्या कामाला जायाची हाय, पिंपळगावाकडं. मुकादमाचा टेंपो कुणासाठी थांबत नाय बाई."

"मी टेंपोच्या आधी येते," तृप्ती म्हणाली.

दिलेला शब्द होता तो. घरात सगळ्यांना ठाऊक होता. मलाही ठाऊक होता, कारण तृप्तीनं तो पाडा माझ्यात भरताना आईला मोठ्यानं सांगितला होता.

बुधवार उजाडला. सातपूरला गाडीची पूजा झाली. धनराजांच्या आई यशोदाबाई नऊवारी नेसून आल्या. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, जीपला हळदीकुंकू लागलं आणि माझ्या काचेवरही त्यांनी कुंकवाचं बोट ओढलं. निम्मा नकाशा लाल झाला. तेही मी सोसलं, माणसांची माया म्हणायचं आणि गप्प बसायचं.

जीप सुरू झाली. तिचं तोंड गिरणारे गावाच्या दिशेला होतं. मी हिशोब केला. मागे खोली आहे, तेव्हा शहराकडे वळून पेठचा मोठा रस्ता धरायला हवा. थोडा लांबचा, पण रुंद. मी लगेच आणि अगदी गोड आवाजात म्हणालो, "पीछे मुड़िए."

झालं! यशोदाबाईंच्या हातातलं तबक हललं.

"अगं बाई! निघताना पाठीमागून साधी हाक मारू नये माणसानं, आणि ही अवदसा समोर बसून मागं फिर म्हणतेय? पहिल्याच दिवशी? धनराज, बंद कर तिचं तोंड!"

"आजी, मशीन आहे ते," तृप्ती म्हणाली. "रस्ता सांगतंय."

"मशीन असो नाहीतर माणूस, अपशकुन तो अपशकुन! अशानं गाडी पोचायची नाही."

मी बिचारा माझं काम करत होतो, म्हणून पुन्हा म्हणालो, "पीछे मुड़िए." धनराजांनी माझा आवाज बंद केला. आईचं मन राखलं, ठीक. पण पुढे चौक ओलांडल्यावर तरी सुरू करायचा की नाही? नाही केला. उलट त्यांनी माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "गिरणाऱ्याकडून जवळ पडतं हे शेंबडं पोरही सांगेल. हे डबडं जगाला वळसा घालायला निघालंय."

"बाबा, मागे खोली आहे म्हणून ते—"

"खोली मी बांधलीय. मला शिकवू नकोस. तुलाच टेंपोच्या आधी पोचायचंय ना?"

आणि गाडी चालवता चालवता त्यांनी माझी बटणं दाबली. 'जड वाहन' काढून 'कार' केलं. एका बोटासरशी माझ्या डोक्यातून ती खोली पुसली गेली. तृप्ती पुढे काही बोलली नाही, कारण उशीर तिलाही परवडणारा नव्हता. आता मी काय करणार? कारला तो रस्ता चालतो. मी मुकाट्यानं निळी रेघ काढत राहिलो. मित्रांनो, खरं ठाऊक असताना मुकं राहायची शिक्षा फार वाईट. तुमच्या वर्गात कुणाच्या तोंडावर चिकटपट्टी लावून वर त्यालाच उत्तर विचारलं, तर कसं वाटेल?

गिरणारं मागे पडलं, रस्ता बारीक होत गेला. घाटाच्या तोंडाशी धनराजांना शंका आलीच. त्यांनी खिडकीतून एका गुराख्याला विचारलं, "दादा, पुढे गाडी जाते ना?"

"जाते की! कालच आमच्या पाव्हण्याची जीप गेली."

त्याचं काही चुकलं नाही. त्याला जीपचं तोंड दिसत होतं, तेवढंच त्यानं सांगितलं. मागची शेपटी ना त्याला दिसली, ना धनराजांनी दाखवली.

तिसऱ्या वळणावर जीप वळली आणि खोली वळली नाही. तिचा मागचा कोपरा कातळाला घासला, जीपचं पुढचं चाक गटारात गेलं. धनराजांनी मागे घ्यायला बघितलं. पण मागे गाडी जोडलेली असली की स्टीअरिंग डावीकडे फिरवावं तर ती उजवीकडे जाते. हे त्यांच्या अंगवळणी नव्हतं. जितकं मागे घ्यावं तितकी ती आडवी होत गेली. शेवटी जीप आणि खोली कोपरात मोडलेल्या हातासारखी रस्त्यात अडकली. वरून येणारे थांबले, खालून येणारे थांबले. कुणी म्हणे दगड लावा, कुणी म्हणे खुर्ची उतरवा. घामानं थबथबलेल्या धनराजांनी माझ्याकडे बोट करून सगळ्यांना सांगितलं, "या मशीननं घातलं आम्हाला खड्ड्यात!"

मी! मी घातलं! अरे, जिभेला काही हाड?

तृप्तीनं हत्यारांची पेटी उचलली. या बाजूनं पाड्याची पुढची वाट तिला ठाऊक नव्हती, म्हणून तिनं मला काचेवरून उपटलं, आवाज सुरू केला आणि एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणी बोलू दिलं. मी घसा ताणून बोललो. डावीकडे, उजवीकडे, पुलावरून सरळ. एकही वळण चुकू दिलं नाही.

पाडा आला. ओस पडला होता. शाळेच्या ओट्यावर एकट्या कुसाबाई बसल्या होत्या, झुंबरबाईंच्या शेजारीण.

"गेली ना टोळी," त्या म्हणाल्या. "मोठ्या रस्त्यानं कवाच गेली. झुंबर सकाळपासून हितंच बसली व्हती, पदर गालाला लावून. मुकादम म्हणला, डागदरीन काय येत नाय, चढ. तर म्हणं, येईल, गाडी मोठी हाय, येळ लागंल. मंग त्यानं तिचं गाठोडंच टेंपोत टाकलं."

मोठा रस्ता. ज्याच्याकडे मी सकाळी वळवत होतो, तोच. तृप्ती त्या ओट्यावर खाली बसली. तिला रडायला येत होतं, पण ती रडली नाही. दात आवळून तिनं मला विचारावं तसं विचारलं, "आता कुठं शोधू?" याचं उत्तर मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिनं शोधलं मात्र. गाडी सुटल्यावर दुसऱ्या दिवसापासून पिंपळगावच्या आसपासचे मळे पालथे घातले. मी तिला एकेका मळ्यापर्यंत नेत होतो. पण टोळी कुणाच्या मळ्यात उतरली, हे कुणाला नीट सांगता येईना. शेवटी झुंबरबाई सापडल्या त्या नाशिकच्या सरकारी दवाखान्यात. गोळ्या संपल्या होत्या, पू गळ्यापर्यंत उतरला होता. डॉक्टरांनी जबड्याखाली चिरून तो काढला. जीव वाचला. तोंड मात्र पुरतं उघडेना.

आणि धनराज? वर्षभर त्यांनी एकच रेकॉर्ड वाजवली. वर्कशॉपमध्ये, लग्नात, बारशात. "मशीनच्या भरवशावर राहू नये बघा, आम्हाला फसवलंन्." माणसं माना डोलवायची. यशोदाबाई तर म्हणायच्या, अपशकुन मी तेव्हाच ओळखला होता. माझा आवाज आता तृप्ती बंद करू देत नव्हती. दाताची गाडी मोठ्या रस्त्यानं पाड्यापाड्यावर सुखरूप जात होती. पण एकदाही कुणी म्हणालं नाही की बाबा, तू नीट नेलंस. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे मी अंगावर झेललं आहे.

द्राक्षाच्या पुढच्या मोसमाच्या तोंडावर आम्ही पुन्हा त्याच पाड्यावर गेलो. झुंबरबाई जीपजवळ आल्या. गळ्यावर जाड व्रण होता. खिडकीतून त्यांनी मला न्याहाळलं.

"हीच का ती बोलणारी बाई?"

धनराज पुढेच बसले होते. सवयीनं म्हणाले, "हीच. हिनंच घोटाळा केला मावशी, चुकीचा रस्ता दाखवला. नाहीतर आम्ही पोचलो असतो."

"बाबा, पुरे!" तृप्तीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मावशी, हे खोटं आहे. ती निघतानाच मागे फिरा म्हणत होती. आम्ही तिचं तोंड बंद केलं. बाबांनी केलं आणि मी करू दिलं."

झुंबरबाई अर्ध्याच उघडणाऱ्या तोंडानं, सावकाश बोलल्या. "टेंपोत मला लय दुखत व्हतं. पण तोंड उघडंना, तर सांगू कशी? मी नुसती कण्हायची आन् मुकादम म्हणायचा, म्हातारीचं रोजचंच हाय." त्या धनराजांकडे वळल्या. "तुला तर ती बोलून सांगत व्हती ना रं भाऊ?"

धनराजांनी मान खाली घातली. त्यानंतर त्यांनी ती रेकॉर्ड कुठंही वाजवली नाही. माझी माफीही मागितली नाही. माफी कुणाची मागायची होती ते मला ठाऊक आहे, आणि ती मी नव्हे.

आता मी म्हातारा झालो. माझ्यातले रस्ते जुने झाले, तृप्तीनं दुसरा घेतला आणि मी तिच्या कपाटात पडून असतो. त्याचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, मला फडक्यानं पुसा, जपून ठेवा, असलं काही मी मागणार नाही. फक्त मागे काय ओढून चालला आहात, ते वाट सांगणाऱ्याला खरं सांगा. आणि तो नको ते बोलला म्हणून त्याचं तोंड बंद करू नका.

आणि झालं गेलं विसर, असं तर मला मुळीच सांगू नका. झुंबरबाई अजून भाकरी पाण्यात भिजवून खातात.