रविवारी दुपारी मी कुठे होतो

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खलबत्ता आहे. माझ्या गावी मला पिलों म्हणतात. गाव म्हणजे हैती देशातलं समुद्राकाठचं जाकमेल. सध्या माझा मुक्काम जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये आहे. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात मी खिडकीपाशी उभा असतो आणि माझ्या पोटात लसणाचे गड्डे ठेवलेले असतात. आलेले पाहुणे माझ्याकडे बघून म्हणतात, "काय सुंदर शोभेची वस्तू आहे!" हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी शोभेची वस्तू नव्हतो. मला शोभेची वस्तू कोणी केलं, ते सांगतो.

महोगनीच्या एका ओंडक्यातून मला कोरून काढलं. माझी आताची मालकीण मिरलांद, तिच्या आईने बाजारात मला तळहाताने ठोकून पाहिलं, कान लावला आणि घासाघीस न करता उचललं. तेव्हापासून मी कामाला लागलो. दर शनिवारी माझ्यात कांद्याची पात, लसूण, पार्सली, ढोबळी मिरची, थाइमची पानं आणि एक जहाल मिरची पडायची. वरून लिंबू पिळायचं आणि बत्ता सुरू व्हायचा. या हिरव्या वाटणाला एपिस म्हणतात. हैतीमधलं रांधणं त्याच्यापासूनच सुरू होतं. घेवड्याचा भात असो, मासे असोत, नाहीतर भाजी असो, आधी एपिस. आमच्या गल्लीत प्रत्येक घरच्या पिलोंचा आवाज वेगळा होता. तो ऐकू आला की लोक म्हणायचे, आज त्यांच्याकडे जेवण आहे. आमच्याकडे माझ्या आवाजाचा अर्थ 'या' असा होता.

आई गेल्यावर मिरलांद इथल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरीला आली. येताना तिने बॅगेतले दोन कोट काढून ठेवले आणि मला घेतलं. हे मी कधी विसरणार नाही. इथले नियम तिने पहिल्याच महिन्यात शिकून घेतले. रविवारी इमारतीत शांतता पाळायची असते, तिला रुहेत्साइट म्हणतात. मिरलांद शनिवारी सकाळीच कुटायची आणि माझ्याखाली जाड टॉवेलची घडी ठेवायची. खाली पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या ब्रुनर आजोबांनी कधी छताकडे मान वर करून पाहिलं नसेल.

मग दुसऱ्या मजल्यावर ऊर्मिला राहायला आली. सोलापूरची ही बाई पुण्यात शिकलेली. नवरा देवदत्त म्युनिकच्या सॉफ्टवेअर कंपनीत, मुलगी अन्वी बालवाडीत. एका शनिवारी माझा आवाज ऐकून ती वर आली आणि दारातच थबकली.

"आल्झो, म्हणजे हा तर आमचा खलबत्ता," ती मिरलांदला जर्मनमध्ये म्हणाली. "आणि हे तर आमचं वाटण."

त्या दिवशी दोघी तास दीड तास ओट्याशी उभ्या होत्या. मैत्री जमायला वेळ लागला नाही. ऊर्मिला पिकलिझ करायला शिकली. पिकलिझ म्हणजे कोबी, गाजर आणि ती जहाल मिरची घातलेलं व्हिनेगरमधलं लोणचं. देवदत्त ते वरणभाताबरोबरसुद्धा खायचा. कच्ची केळी तळून, चेपून, पुन्हा तळली की अन्वी ताटापाशी हजर. आणि एक जानेवारीला मिरलांद सूप जूमू करायची, म्हणजे लाल भोपळ्याचं सूप. त्यात गोमांस असतं. ऊर्मिलाच्या घरी ते चालत नाही म्हणून मिरलांद त्यांच्यासाठी वेगळं छोटं पातेलं चढवायची. त्याचा डावसुद्धा वेगळा ठेवायची. सख्खी बहीण तरी इतकं करते का?

ऊर्मिला मला अधूनमधून मागून न्यायची. मीही आनंदाने जायचो. तिचे हात मला आवडायचे, हे आता सांगायला जड जातं.

परवाच्या दिवाळीत तिच्या सासूबाई, लताबाई, सोलापूरहून आल्या. मिक्सरमधली शेंगदाण्याची चटणी त्यांना पसंत पडेना. "कोरडी होते गं. कुटल्याशिवाय तेल सुटत नाही," त्या म्हणाल्या. झालं, ऊर्मिला मला घेऊन गेली. मिरलांद त्या शनिवार-रविवारी स्टुटगार्टजवळ त्सुफेनहाउझेनला बहिणीकडे जाणार होती. जाता जाता तिने सांगितलं, "ऊर्मिला, खाली टॉवेल ठेव हं. आणि रविवारी नको."

"जा, जा," ऊर्मिला म्हणाली.

रविवारी दुपारी जेवणं झाली. लताबाईंनी मला ओट्यावरून उतरवलं. ओट्यावर उभं राहून कुटणं त्यांना माहीत नव्हतं. त्या खाली बसल्या, मला थेट फरशीवर ठेवलं, एक पाय पुढे पसरला आणि कुटायला लागल्या. टॉवेल नाही, पोतेरंही नाही. ब्रुनर आजोबांचं छत आणि माझं बूड यांच्यात काही उरलं नव्हतं. ऊर्मिला एकदा म्हणाली, "आई, आज रविवार आहे." लताबाई म्हणाल्या, "मग सणासुदीला नाही कुटायचं तर कधी?" ऊर्मिलाने शेंगदाण्यांची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. ऊर्मिलाने चटकन माझ्यावर स्वयंपाकघरातलं फडकं टाकलं. दारात ब्रुनर आजोबा होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे ठोकणं तुमच्याकडे चाललंय का?"

मित्रांनो, मला वाटलं ती म्हणेल, हो, चुकलं, थांबवतो. म्हातारा माणूस समजून घेऊन गेला असता. पण ऊर्मिला म्हणाली, "नाही. वरून येतो आवाज. त्या बाई नेहमीच कुटतात. आम्हालाही त्रास होतो."

माझ्या तोंडात शेंगदाणे भरलेले होते. मी बोलणार तरी काय?

दार लागल्यावर लताबाईंनी विचारलं, "काय म्हणत होते?"

"काही नाही आई. वरच्या मजल्यावर आवाज होतो म्हणत होते."

"वर? वर तर आज कुणीच नाही. कुटतोय तर आपण."

"आई, हळू बोला ना," ऊर्मिला म्हणाली. मग जवळ येऊन बोलली, "गणपतीच्या आरतीवरून आधीच एक तक्रार झालीय आपली. देवदत्त म्हणाला होता, अजून एक झाली तर घराचं कॉन्ट्रॅक्ट जाईल. इथे दुसरा फ्लॅट मिळत नाही हो. त्या एकट्या आहेत, त्यांना कोण काय करणार आहे?"

लताबाईंनी बत्ता बाजूला ठेवला. चटणी अर्धीच राहिली.

तिची भीती खोटी नव्हती, हे मला कळतं. पण ज्या बाईने तिच्यासाठी डाव वेगळा ठेवला, तिच्यावर तिने ती भीती ढकलली. आणि ढकलताना वापरला तो माझा आवाज. ज्या आवाजाचा अर्थ आमच्याकडे 'या' असा होतो, तो तिने मैत्रिणीविरुद्ध साक्षीला उभा केला.

आठवड्याभरात घरमालकाच्या कचेरीने मिरलांदला आबमानुंग धाडली. म्हणजे पुन्हा असं झालं तर घर सोडा, अशी ताकीद. ती खाली आली.

"रविवारी दुपारी मी ठोकत होते म्हणे," ती म्हणाली. "मी तर बहिणीकडे होते. आणि शेजाऱ्यांनीही दुजोरा दिलाय."

एवढं बोलून ती थांबली. ऊर्मिलाला बोलायला तिने जागा करून दिली होती. ऊर्मिलाने ओटा पुसायला घेतला.

"हे लोक असेच गं," ती म्हणाली. "परदेशी माणूस दिसला की यांना आवाज ऐकू येतो. आपल्यासारख्यांनी सांभाळून राहायचं."

मिरलांदने माझ्यावरचं फडकं काढलं. आत शेंगदाण्याचं कूट चिकटलेलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मला उचलून कडेवर घेतलं. "पिलों नेते," एवढंच म्हणाली.

वर आल्यावर बहिणीचा फोन आला. बहीण चिडली होती. "सांग ना त्यांना, तू इथे होतीस म्हणून!"

"सांगितलं तर खालच्यांचं घर जाईल," मिरलांद म्हणाली. "त्यांची एक तक्रार आधीच आहे. लहान मूल आहे, म्हातारी आहे. मी गप्प बसले तर कुणाचंच जात नाही."

मला तिचा राग आला. अजूनही येतो. तिने मला गरम पाण्याने धुतलं, पुसलं, खिडकीपाशी ठेवलं आणि लसूण भरला. तेव्हापासून बत्ता कपाटात आहे. एपिस आता सुरीने चिरून होतं. रेडिएटरच्या उष्णतेने माझ्या कडेला एक चीर गेली आहे. महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरायचं, ते बंद झालं. रोज समोर दिसत असलेल्या वस्तूकडेच कुणाचं लक्ष जात नाही.

मग एक जानेवारी आली. या सूपाची गोष्ट मिरलांद दरवर्षी सांगते. गुलामीच्या काळात हे सूप रांधायचं आमच्या लोकांनी आणि प्यायचं मालकांनी. रांधणाऱ्याला चाखायची बंदी होती. देश स्वतंत्र झाला त्या एक जानेवारीला सगळ्यांनी ते पोटभर प्यायलं. म्हणून त्या दिवशी कुणालाही नाही म्हणायचं नाही. मला वाटलं होतं, यंदा तरी एकच पातेलं चढेल. मिरलांदने दोन चढवली. छोट्याचा डाव वेगळा ठेवला.

ती सूप खाली देऊन आली. दुसऱ्या दिवशी ऊर्मिला भांडं परत द्यायला वर आली. आत गाजराचा हलवा होता. "आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत," ती म्हणाली.

"उंड?" मिरलांदने विचारलं. आणि?

ऊर्मिलाचे डोळे माझ्याकडे गेले, लसणावर थांबले, चिरेवर थांबले. ओठ हलले.

"आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

कपडे वाळत घालायची खोली आमच्या वरच्या मजल्यावर आहे. बादली घेऊन जाताना ऊर्मिलाची पावलं आमच्या दाराशी मंदावतात. मिरलांदची सुरी थांबते. मग पावलं वर जातात आणि सुरी पुन्हा चालू लागते.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडी वस्तूंना उष्णतेपासून लांब ठेवा, अधूनमधून तेल लावा, आम्ही तुमच्या नातवंडांनाही पुरू. आणि कुणाकडून काही मागून आणलंत, तर परत देताना नुसतं घासूनपुसून देऊ नका. ती वस्तू तुमच्या घरी असताना जे घडलं, ते तुमचं आहे. ते मालकाच्या दारात ठेवून येऊ नका. माझी चीर कदाचित कुणी बुजवेल. पण मला पुन्हा कुणी मागायला आलं, तर मिरलांद नक्की देईल. आणि मी मात्र जाताना घाबरेन.