घरचा परवलीचा शब्द

घरात परवलीचा शब्द ठेवायची टूम माझीच. बातम्यांत रोज तेच: दोन-चार वाक्यं ऐकून यंत्र आपल्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतं आणि लोक फसतात. मी पडदे शिवणारी बाई, हात मशीनवर आणि कान बातम्यांकडे. ऐकून ऐकून डोकं भणाणलं. म्हटलं, अनोळखी नंबरवरून फोन आला तर आधी शब्द, मग बोलणं. माहेरी आईजवळ राहणारा धाकटा भाऊ फिदीफिदी हसला. "ताई, उद्या जेवायला वाढतानाही शब्द विचारशील!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आज दुपारी पडद्याची कड दुमडत होते, तर अनोळखी नंबर. आवाज धाकट्याचा.

"ताई, आईला सणकून ताप भरलाय, शुद्ध नाही. दवाखान्यात आणलंय. धावपळीत माझा फोन घरीच राहिला. तिला कुठलं इंजेक्शन चालत नाही गं? पटकन सांग!"

आईची औषधं मीच बघते, नाव अगदी जिभेवर होतं. तरी विचारलं, "शब्द?"

"आत्ता? अगं... कात्री!"

हा तर जुना शब्द! मी तो गेल्याच आठवड्यात बदलला होता. म्हणजे जुना चोरांच्या हाती लागला. मी फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

मग मात्र जीव थाऱ्यावर राहीना. आईला फोन लावला, उचलेना. धाकट्याचा नुसता वाजत राहिला. उठले, बसले, परत उठले. नवा शब्द कुणाकुणाला सांगितला होता? आईला, नवऱ्याला, लेकीला. आणि धाकट्याला? तो हसला तेव्हापासून मी त्याच्याशी बोलतच नव्हते. अगं बाई गं!

त्याच नंबरवर फोन लावला. उचलल्याबरोबर किंचाळले, "पेनिसिलिन! आईला पेनिसिलिन देऊ नका!"

"नाही दिलं," धाकटा म्हणाला. "मी कुणाला सुईच लावू दिली नाही. वीस मिनिटं ती तशीच पडून होती, ताई. आता सुरू करतील."

मला रडू फुटलं. "चुकलं रे माझं. मला वाटलं, कुणीतरी फसवतंय."

"माझा आवाज ओळखला नाहीस?"

"ओळखला ना. अगदी तुझाच वाटला."

"मग फोन का ठेवलास?"

"म्हणूनच ठेवला," मी म्हटलं.