आण्णांनी न मारलेलं प्यादं

मारा की, आण्णा! मारा ते प्यादं! दीक्षाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलायची सोय कुठं? खेळाडूला चाल सुचवली की पंच डावच काढून घेणार. कप्तान असली म्हणून काय झालं, हाताची घडी घालून तिला गप उभं राहावं लागलं.

लीगचा शेवटचा सामना, कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात. समोर हातकणंगल्याचा संघ. चार पटांपैकी तीन संपले होते आणि दोघांचे दीड-दीड गुण झाले होते. आता सगळी मदार चौथ्या पटावर, म्हणजे पेठ वडगावच्या जोतीराम आण्णांवर. त्यांचा डाव नुसता बरोबरीत सुटला तरी क्लब वरच्या गटात राहणार होता. हरले, तर गट गेला!

आणि आण्णांना संघात घ्यायचा हट्ट दीक्षाचाच. "त्यांनी जन्मभर पारावर देशी डाव खेळलाय, घड्याळ लावून न्हाई," असं तिसऱ्या पटावरचा प्रसेनजीत कानीकपाळी ओरडत होता. ही बाई ऐकेल तर शपथ. महिनाभर आण्णांना समोर बसवून तिनं नवे नियम शिकवले. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं, चाल झाली की घड्याळाचं बटण दाबायचं, सगळं. आज सकाळी वर बजावलंही, "आण्णा, बरोबरी चालणार न्हाई बरं का. जिंकायचंच." चक्क खोटं! पण बरोबरीत भागतंय म्हटलं तर म्हातारा ढिला पडायचा, ही तिला धास्ती.

आण्णा ढिले कसले पडतायत! समोरच्या मास्तरांना त्यांनी पार नागवलं. आण्णांकडं दोन हत्ती उरले आणि मास्तरांकडं राजा आणि एक प्यादं, बास. तेही आयतं हत्तीच्या तोंडात. तरी आण्णांनी ते सोडून हत्ती भलतीकडंच नेला. पुढच्या चालीलाही तेच. मिशीवरून हात फिरवत, निवांत विचार करत ते राजाला हुसकत राहिले आणि घड्याळ पळत राहिलं.

"बरोबरी मागा" एवढं सांगायची कप्तानाला मुभा असते. पण अख्खा गुण समोर दिसत असताना अर्धा कोण मागतंय? दीक्षा बोलली नाही.

मात करायला आण्णांनी हत्ती उचलला आणि त्यांच्या घड्याळावर शून्य आलं.

"वेळ संपला. आण्णा, तुम्ही हरलात," पंच म्हणाले.

हरले? दोन हत्ती हातात असताना? खुद्द मास्तरांचाही विश्वास बसेना.

"नुसता राजा उरला असता तर बरोबरी दिली असती," पंचांनी समजावलं. "पण ते प्यादं आहे ना अजून. प्याद्याचा वजीर होऊन तुमच्यावर मात होऊ शकते."

प्रसेनजीत उसळलाच. "आण्णा, दोनदा मारायला मिळत हुतं! मारलं का न्हाई?"

आण्णांच्या हातात हत्ती तसाच होता. "मारून कसं चालंल? एकला राजा उरला की बुर्जी झाली. डाव बरोबरीत. आमच्यात शेवटचं प्यादं कुणी मारतच न्हाई, बाबा."

बुर्जी! दीक्षानं हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. महिनाभर नवे नियम घोकून घेतले, पण म्हाताऱ्याच्या डोक्यात जुने कोणते बसलेत हे एकदाही विचारलं नव्हतं तिनं.

"आण्णा," ती म्हणाली, "बरोबरी चालली असती."

"कुणाला?"

"आपल्याला. तेवढ्यावर गट राहत हुता."

आण्णांनी हातातला हत्ती हळूच पटावर ठेवला.

"मग सकाळीच सांगायचं न्हवतं व्हय, पोरी? बुर्जी कवाच केली असती की मी."