अमडापूरचा सेल्फ

जानेफळच्या संघर्ष नावाच्या पोराच्या जुन्या पिकअपचा सेल्फ जळाला. ढकलल्याशिवाय गाडी सुरू होईना. खामगावच्या भंगारातही तसा सेल्फ मिळाला नाही. अमडापूरच्या पुष्पाबाईंच्या अंगणात तसलीच गाडी नवरा गेल्यापासून उभी होती, म्हणून तो तिथं गेला.

"गाडी नाही फोडायची मले," त्या म्हणाल्या.

तो वळला, तेव्हा त्यांनीच विचारलं, "तुह्या गाडीत काय वाह्यतं?"

"भाजीपाला, काकू."

"आमच्या गाडीतबी भाजीपालाच राहे. मंग ने."

पण सेल्फचा वरचा बोल्ट त्याच्यानं निघेना. पुष्पाबाई वाकडा पाना घेऊन गाडीखाली शिरल्या. "आमचे हे अन् मी मिळूनच खोलत होतो," म्हणत त्यांनी सेल्फ मोकळा केला.

संध्याकाळी संघर्षची गाडी सुरू झाली. त्यानं पुष्पाबाईंना फोन लावून इंजिनाजवळ धरला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"रेस कमी कर बाप्पा," शेवटी म्हणाल्या, "तिले सोसत नाही."